मराठवाड्यातून पुण्याला, क्राफ्ट बिअरसाठी वीकेंडला: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लातूर, बीड, परभणी, संभाजीनगरकडची मित्रमंडळी हल्ली सारखं विचारायलेत की पुण्यात ती टाक्या लावून स्वतःची बिअर बनवणारी ठिकाणं असतात ती बघायची कशी, कुठून सुरू करायचं, किती लागतील, घरच्यांना नेलं तर चालेल का. फोनवर प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवतो. जे घेत नाहीत त्यांनी घ्यायला सुरू करावं असं यात कुठंही म्हणायचं नाहीये. जे घेतातच, त्यांनी निदान काय घेतोय ते समजून, चवीनं आणि कमी घ्यावं, एवढ्यासाठी हे लिहिलंय.

क्राफ्ट बिअर म्हणजे नेमकं काय? दुकानातली बाटली वाईट असते का?

वाईट नसते, वेगळी असते. दुकानातली बहुतेक बिअर लागर प्रकारातली (थंडीत हळू आंबवलेली), मोठ्या कारखान्यात एकाच चवीची लाखो लिटर बनवलेली, गाळून, पाश्चराइज करून भरलेली असते, म्हणून ती सहा महिने टिकते आणि उमरग्यात घ्या नाहीतर नागपुरात घ्या, चव एकच. क्राफ्ट बिअर बनते मायक्रोब्रुअरीत, म्हणजे टाक्या लावून स्वतःची बिअर बनवणाऱ्या छोट्या ठिकाणी. तिथं एका वेळी पाचशे-हजार लिटर बनते, शक्यतो गाळत नाहीत, पाश्चराइज करत नाहीत, टाकीतून थेट नळाला आणि नळातून ग्लासात. त्यामुळं ती ताजी असते, थोडी गढूळ दिसते, आणि बनवणाऱ्याचा हात बदलला की चव पण बदलते. याच महिन्यात आवडलेली बिअर पुढच्या महिन्यात नसेलही, कारण आंब्याच्या दिवसात आंब्याची आणि थंडीत काळी असं त्यांचं चालू असतं.

पुणंच का?

कारण आपल्याकडं हे सुरूच पुण्यात झालं. २००९ मध्ये सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी पुण्यात डूलाली सुरू केली, ती देशातली पहिली मायक्रोब्रुअरी मानली जाते, आणि बिअर बनवायला ऑलिव्हर शाउफ नावाचा जर्मन ब्रुअर होता. बेंगळुरूचं नाव आज जास्त होतं पण तिथली ठिकाणं त्यानंतरची. नंतर पुण्यात एकेक वाढत गेलं, २०१४ मध्ये मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आली, कोरेगाव पार्कात एफिनगट आलं, ग्रेट स्टेट एल वर्क्सवाल्यांनी वेगळ्याच चवींचे प्रयोग केले, आणि २०१८ पासून मूनशाइन मीडरी मधापासून मीड बनवायलीय (मीड म्हणजे मध, पाणी आणि यीस्ट, यात धान्य नसतंच).

दुसरं कारण आपल्या सोयीचं आहे. मराठवाड्यातून येणारे दोन्ही मोठे रस्ते पुण्यात पूर्वेकडूनच घुसतात, संभाजीनगर-नगरचा वाघोली-खराडीवरून आणि लातूर-धाराशिव-सोलापूरचा हडपसरवरून. आणि मुंढवा, कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, खराडी, मगरपट्टा हा सगळा भाग तिथंच आहे, म्हणजे शहर ओलांडून कोथरूडपर्यंत जायचं कामच नाही.

नांदेडवाल्यांनी पुण्यालाच जावं का?

नाही. नांदेड, देगलूर, बिलोली, उदगीर इकडच्यांना हैदराबाद जवळ आहे आणि तिथंही चांगल्या मायक्रोब्रुअरीज आहेत, ज्युबिली हिल्स भागात तर बऱ्याच. नांदेडहून तिकडं थेट रेल्वे पण आहे. नांदेडहून पुणं साडेचारशे किलोमीटरच्या आसपास पडतं आणि वीकेंडचा अर्धा वेळ गाडीतच जातो. खाली पुण्याची नावं आहेत पण बिअरचं, पाण्याचं आणि गाडीचं जे सांगितलंय ते दोन्हीकडं लागू आहे, फक्त वयाचे आणि परवान्याचे नियम राज्याप्रमाणं बदलतात तेवढं लक्षात ठेवा.

आपल्याच वाळूजला एवढे बिअरचे कारखाने आहेत, तिथंच जाऊन बघितलं तर?

हा प्रश्न लई जण विचारतात आणि बरोबरच आहे, कारण संभाजीनगर-वाळूज हा देशातल्या मोठ्या बिअर पट्ट्यांपैकी एक आहे, कार्ल्सबर्गसारख्यांचे प्रकल्प तिथं आहेत. पण ते मोठे बंद कारखाने आहेत, तिकीट काढलं आणि आत फिरून आलं असं तिथं होत नाही. कॉलेजची किंवा कंपनीची औद्योगिक भेट ठरली तर गोष्ट वेगळी. मायक्रोब्रुअरीत मात्र टाक्या काचेमागं नाहीतर टेबलाशेजारीच असतात आणि बनवणारा माणूस समोर भेटू शकतो, सगळा फरक तोच आहे.

कधी निघायचं, कसं जायचं?

गाडी घरी ठेवा, हे पहिलं. चौघं मिळून एक कार काढली की स्वस्त पडतं असं वाटतं पण मग त्यातला एक जण दोन्ही दिवस पाण्यावर राहणार हे निघायच्या आधीच ठरवावं लागतं, आणि तिथं पोचल्यावर ते ठरलेलं कोणी पाळत नाही हे सगळ्यांना माहितीये.

लातूर, अंबाजोगाई, बीड, परभणीहून रात्रीच्या ट्रॅव्हल्स भरपूर आहेत. शुक्रवारी रात्री बसायचं, शनिवारी पहाटे उतरायचं. लातूरकडची गाडी असेल तर हडपसर-मगरपट्ट्याला उतरा, नगर रोडची असेल तर खराडी नाहीतर चंदननगरला, शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊ नका, उगं तासभर परत यावं लागतं. संभाजीनगरवाल्यांना २३५ किलोमीटरच आहे, ते शनिवारी सकाळी निघाले तरी दुपारच्या जेवणाला पोचतात, फक्त शिक्रापूर ते वाघोली हा पट्टा वेळ खातो तो धरूनच चला. एसटीनं आलात तर शिवाजीनगरचं स्टँड सध्या वाकडेवाडीला आहे हे लक्षात असू द्या, तिथून मेट्रो करून रामवाडीच्या लाईनवर कल्याणीनगरला उतरता येतं आणि पुढं रिक्षा.

राहायला विमाननगर, खराडी, कल्याणीनगर या भागात बघा. रात्री खोलीपर्यंत रिक्षा दहा-पंधरा मिनिटांत पोचली पाहिजे, हॉटेल निवडताना एवढं एकच बघितलं तरी पुरे.

दोन दिवसांत किती ठिकाणं होतात?

तीन. शनिवारी दुपारी एक, संध्याकाळी एक, रविवारी दुपारी एक आणि मग परतीची गाडी. पाच-सहा करता येतील पण चौथ्या ठिकाणी जिभेला काही कळत नाही, मग पैसे कशाला घालवायचे. मधल्या वेळात झोपा, आगाखान पॅलेस त्याच भागात आहे तो बघा, पायी फिरा.

आणि जायच्या आधी फोन करा. ही ठिकाणं जागा बदलतात, कधी नूतनीकरणाला बंद असतात, कधी शनिवारी संध्याकाळी फक्त जोडप्यांना सोडतात आणि चार पोरं दारात उभी राहतात. दुपारी बारा ते चार गेलात तर गर्दी नसते, गाण्याचा आवाज कमी असतो, बोलायला माणसं मोकळी असतात. मी तर कोणालाही दुपारचीच वेळ सांगतो.

मेन्यूवरची नावं कळत नाहीत. काय मागायचं?

आधी पूर्ण ग्लास मागूच नका. सॅम्पलर मागा, काही ठिकाणी त्याला फ्लाइट म्हणतात. लाकडी फळीवर चार ते सहा छोटे ग्लास येतात, प्रत्येकात शंभर-सव्वाशे मिलि. दोघांत एक घ्या. फिकटकडून काळ्याकडं असं प्या, उलटं केलं तर कडक चव जिभेवर बसते आणि पुढची हलकी बिअर पाण्यासारखी लागते.

पहिल्यांदा जाणाऱ्याला बहुतेक वेळा गव्हाची बिअर आवडते. जर्मन पद्धतीची हेफेवायझन असेल तर नाक जवळ नेल्यावर चक्क पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, आणि त्यात ना केळं असतं ना लवंग, तो वास यीस्टनं तयार केलेला असतो. बेल्जियन विट (ही पण गव्हाचीच) असेल तर त्यात मात्र खरोखर धणे आणि संत्र्याची साल टाकलेली असते. आपल्या घरात धणे रोज भाजले जातात त्यामुळं हा वास आपल्या माणसाला लगेच सापडतो, शेजारच्या टेबलावरचे अजून नुसतं छान आहे म्हणत असतात आणि आपल्याकडची बाई पहिल्याच घोटाला धणे म्हणून सांगते, हे मी बघितलंय.

पिल्सनर म्हणजे सोनेरी, स्वच्छ, शेवटी थोडी कडवट. १८४२ मध्ये आजच्या चेक देशातल्या पिल्झेन गावात योझेफ ग्रोल नावाच्या ब्रुअरनं बनवली आणि आज जगभर बाटलीत जी लागर मिळते ती बहुतेक तिच्याच वंशातली. तुम्ही नेहमी बाटलीच घेत असाल तर हिच्यापासून सुरू करा, फरक सगळ्यात जास्त इथंच कळेल.

आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, कडू असते. हॉप्स नावाच्या वेलीची फुलं जास्त टाकतात त्याचा तो कडूपणा, आणि सोबत कधी आंब्याचा, कधी लिंबाच्या सालीचा वास. मेन्यूवर आयबीयू असा आकडा असेल तर तो कडवटपणाचा, पंधरा म्हणजे सौम्य, पन्नास-साठ म्हणजे चांगलीच कडू. ज्याला कारल्याची भाजी आवडते त्यानं बिनधास्त घ्यावी, बाकीच्यांनी आधी घोटभर चाखून.

स्टाउट काळी असते म्हणून लई स्ट्राँग असा समज आहे, तो चूक. काळा रंग भाजलेल्या धान्याचा. कॉफी, कोको अशी चव येते आणि बऱ्याचदा त्यात अल्कोहोल चार-पाच टक्केच असतं. उलट फिकट गोडसर दिसणारी एखादी बेल्जियन साडेसात-आठ टक्क्यांची निघते. म्हणून रंग बघू नका, नावापुढचा एबीव्हीचा आकडा बघा, तेच अल्कोहोलचं प्रमाण.

सायडर बिअर नाही, सफरचंदाचा रस आंबवून करतात.

बनवताना बघायला मिळतं का? काय विचारायचं?

मिळतं, पण मागावं लागतं. वेटरला सांगा की ब्रुअर आहेत का, दोन मिनिटं टाक्या दाखवतील का. दुपारी गेलात आणि नीट विचारलं तर बहुतेक जण आनंदानं दाखवतात, कारण तिथं येणाऱ्यांपैकी फार कमी लोक त्यांच्या कामाबद्दल विचारतात.

थोडक्यात असं चालतं. जवाला, म्हणजे बार्लीला, मोड आणून वाळवतात, ते माल्ट. आपण नाचणी भिजवून मोड आणून वाळवून सत्त्व करतो ना, ती पहिली पायरी तीच, मोड येताना दाण्यात जे तयार होतं तेच पुढं स्टार्चची साखर करतं. माल्ट भरडून ६५ अंशाच्या आसपासच्या गरम पाण्यात तासभर ठेवतात, गोड पाणी तयार होतं, त्याला वर्ट म्हणतात. ते गाळून तास-दीड तास उकळतात, उकळताना हॉप्स टाकतात. मग पटकन थंड करून फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या टाकीत, आणि तिथं यीस्ट. एल प्रकार असेल तर १८ ते २२ अंशाला काही दिवसांत आंबवण होतं, लागर असेल तर दहा-बारा अंशाला हळू, आणि नंतर अजून कित्येक आठवडे थंडीत ठेवतात. म्हणून लहान ठिकाणी एलच जास्त दिसतात, लागर ठेवायची म्हणजे टाकी महिना-दीड महिना अडकून पडते आणि जागेचं भाडं तर चालूच.

शक्य असेल तर कोरडा माल्ट हातावर मागून चावून बघा. माझ्यासोबत औश्याकडचा एक मित्र होता, घरी म्हशी आहेत त्याच्या. त्यानं चार दाणे तोंडात टाकले, चावता चावता म्हणाला गोड आहे की रे हे, आणि दुसरा प्रश्न थेट असा की गाळून झाल्यावर चोथा कुठं टाकता. ब्रुअरनं झाकण उघडून दाखवलं, खाली गरम वाफाळता चोथा, ओल्या भुश्याचा आणि शिऱ्याचा मिळून यावा तसा वास, आणि एक पोरगा फावड्यानं तो पिंपात ओढायला लागलेला. तो चोथा जनावरांना जातो, त्यात प्रथिनं बरीच असतात आणि साखर निघून गेलेली असते, फक्त ओला असल्यामुळं उन्हाळ्यात दिवसाभरात आंबतो म्हणून जवळच्याच गोठ्यांना परवडतो. मग पुढचा अर्धा तास दोघं दूध, फॅट आणि पेंडीच्या भावावरच बोलत होते. मला त्या ट्रिपमधली सगळ्यात चांगली गोष्ट ही वाटली.

तुम्ही विचारा: ही कधी बनवली, टाकीत किती दिवस होती, माल्ट कुठला, पाण्याला काय करता. माल्टसाठीचा जव आपल्या देशात राजस्थान-हरियाणाकडं होतो, काही ब्रुअर जर्मनी-बेल्जियमचा माल्ट मागवतात, हॉप्स तर जवळजवळ सगळे बाहेरूनच येतात, हिमाचलात लाहौलमध्ये थोडे पिकतात तेवढेच.

पाण्याचं काय? आपल्याकडं प्यायला नाही आणि तिकडं बिअर, हे बरं वाटत नाही.

हा प्रश्न ज्यांना पडतो ते आपले लोक. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर, तेव्हा घागरी घेऊन रांगेत उभे राहिलेले लोक हे वाचत असतील. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं दारू आणि बिअरच्या कारखान्यांचं पाणी कापायचा आदेश दिला, आधी निम्मं आणि मग अजून जास्त, की ते पाणी लोकांना मिळावं. जायकवाडीचं पाणी आधी कुणाचं हा वाद आपल्याकडं कधीच संपलेला नाही.

बिअरला पाणी लागतंच. एक लिटर बिअरमागं साधारण चार ते सात लिटर जातं, त्यातलं बरंचसं टाक्या धुण्यात आणि थंड करण्यात. चांगली ब्रुअरी वर्ट थंड करताना गरम झालेलं पाणी फेकत नाही, ते पुढच्या खेपेला माल्ट भिजवायला वापरते. हे तिथं गेल्यावर जरूर विचारा. गिऱ्हाईक विचारायला लागलं की मालक लक्ष द्यायला लागतो. आणि ग्लासात अर्धी टाकून उठू नका, आवडली नाही तर आधीच छोटा घोट मागून बघता आला असता.

चवीचा आणि पाण्याचा संबंध मात्र फार मजेशीर आहे. पिल्झेनचं पाणी अगदी मऊ, क्षार नसल्यासारखं, म्हणून तिथं ती नाजूक सोनेरी लागर जमली. इंग्लंडात बर्टनचं पाणी जड, जिप्समवालं, तिथं कडवट पेल एल नावाजल्या. आपल्या बोअरच्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, तसलं पाणी थेट वापरून पिल्सनर होत नाही. म्हणून ब्रुअर लोक पाणी आरओ करून घेतात आणि मग हवे तेवढे क्षार मोजून परत टाकतात, म्हणजे आज पुण्यात बसून पिल्झेनचं पाणी तयार करता येतं.

ज्वारीची बिअर होते का?

होते. आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान्‌पिढ्या होते, ज्वारीला मोड आणून माल्ट करतात, आणि तिच्यात ग्लूटेन नसतं हा वेगळा फायदा. चव थोडी आंबूस, दाट. अडचण एवढीच की ज्वारीत साखर करणारी ताकद जवापेक्षा कमी असते आणि फोल नसल्यामुळं गाळायला त्रास होतो, म्हणून बरेच जण जवासोबत मिसळून वापरतात. आपली रब्बीची मालदांडी यात घेऊन कोणी मन लावून काम केलं तर मला स्वतःला लई आनंद होईल, पण आधी भाकरीला पुरू द्या. ज्वारी, नाचणी असली धान्यं वापरलेली बिअर मेन्यूवर दिसली तर नक्की चाखा.

बिअर शाकाहारी असते ना?

धान्य, हॉप्स, यीस्ट, पाणी, म्हणजे तशी असतेच. फक्त काही ठिकाणी बिअर स्वच्छ दिसावी म्हणून माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला आयसिंग्लास नावाचा पदार्थ वापरायची जुनी पद्धत आहे, आणि मिल्क स्टाउटमध्ये दुधातली साखर असते. माळकरी घरातलं कोणी सोबत असेल तर विचारून घ्या, सरळ सांगतात.

वय किती लागतं? परमिट लागतं का?

महाराष्ट्रात बिअर आणि वाईनला २१ पूर्ण, हार्ड लिकरला २५. आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणं पिण्यासाठी परवाना लागतो, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं. एक दिवसाचा पाच रुपयांचा परवाना बारमध्येच फाडतात. वर्षाचा आणि आयुष्यभराचा पण काढता येतो, वर्षाचा शंभर रुपयांत होतो.

आधार किंवा लायसन्स प्रत्येकानं जवळ ठेवा. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलानं पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला, त्यानंतर या भागात वय तपासणं कडक झालं आणि ते तसंच राहावं. पुण्यात शिकायला असलेल्या धाकट्या भावाला, भाच्याला सोबत घेताय आणि तो एकोणीस वर्षांचा आहे, तर त्याला नेऊच नका. ओळख आहे, चालतंय, असलं काही करू नका.

ड्राय डे कसे बघायचे?

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी, आणि मतदान-मतमोजणीचे दिवस. लाँग वीकेंड म्हणून उत्साहात बुकिंग होतं आणि नेमका त्यातच ड्राय डे असतो. निवडणुकीच्या काळात तर पुण्याच्या तारखा वेगळ्या बघाव्या लागतात.

एकच ग्लास घेतला आणि गाडी चालवली तर?

नाही चालवायची. आकड्यांतच सांगतो म्हणजे वाद राहणार नाही.

कायद्याची मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. पाच टक्क्यांच्या ५०० मिलि बिअरमध्ये २५ मिलि अल्कोहोल असतं, वजनात जवळपास २० ग्रॅम. साठ-सत्तर किलोच्या माणसानं ते रिकाम्या पोटी भराभर प्यायलं तर रक्तात ४० ते ५० मिलिग्रॅमपर्यंत जातं. म्हणजे एका ग्लासातच मर्यादा ओलांडली. बाईचं वजन कमी असेल तर अजून लवकर. आणि तो सॅम्पलर, छोटे छोटे ग्लास म्हणून आपण मोजतच नाही, पाच ग्लास सव्वाशे मिलिचे म्हणजे सव्वासहाशे मिलि झाले, अर्ध्या लिटरच्या ग्लासापेक्षा जास्त.

शरीर तासाला सात ते दहा ग्रॅमच अल्कोहोल जाळतं, त्यामुळं अर्ध्या लिटरचा एक ग्लास उतरायला दोन-तीन तास. ब्लॅक कॉफी, लिंबूपाणी, उलटी, आंघोळ, कशानंही हा वेग वाढत नाही. रात्री एक वाजता तिसरा ग्लास संपवून सकाळी सहाला संभाजीनगरचा रस्ता धरला तरी रक्तात शिल्लक असू शकतं. पहिल्यांदा सापडलं तर दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण दंडाची भीती घालायची म्हणून सांगत नाहीये. नगर रोडवर रात्री ट्रॅक्टर-ट्रॉली बिनलाइटची उभी असते, उसाच्या हंगामात तर रांगेनं, आणि शुद्धीतल्या माणसालासुद्धा ती शेवटच्या क्षणी दिसते.

खर्च किती येतो?

अर्धा लिटरच्या ग्लासला साधारण चार-साडेचारशेच्या पुढं धरा, त्यावर व्हॅट वेगळा, बारमध्ये बसून घेतलेल्या दारूवरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून पाचचा दहा टक्के झाला. बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो सक्तीचा नसतो, नको असेल तर काढायला सांगता येतं, पण वेटरनं मनापासून समजावून सांगितलं असेल तर त्याच्या हातात काहीतरी ठेवा. दुपारी हॅपी अवर्स असतात. प्रवास-मुक्काम-खाणं धरून चार-पाच हजारांत एका माणसाचं नीट होतं, एकाच टेबलावर पाचवा-सहावा राउंड चालू झाला की कितीही.

बायकोला, बहिणीला, मैत्रिणींना घेऊन जाता येतं का?

का नाही. दुपारी तर तिथं फॅमिली, ऑफिसचे ग्रुप, नुसत्या बायकांचे ग्रुप सगळे असतात. आपल्याकडच्या परमिट रूमचा अंधार, पडदे, बाहेर चपलांचा ढीग असलं काही डोक्यात असेल तर ते काढून टाका, इथं खिडक्या मोठ्या, उजेड भरपूर आणि स्वच्छतागृह चांगलं. ती घेणार की नाही हे तिनं ठरवायचं, आग्रह करायचा नाही आणि नाक पण मुरडायचं नाही.

लहान मुलांना मात्र शनिवारी संध्याकाळी नेऊ नका, आवाज फार असतो.

मी घेतच नाही, मी ग्रुपसोबत जाऊन काय करू?

टाक्या बघा, माल्ट चाखा, वास घ्या, खा. बऱ्याच ठिकाणी जिंजर एल (नावात एल असलं तरी हे आल्याचं बिनदारूचं पेय), कोंबुचा (आंबवलेला चहा), ताजी सरबतं असतात. आणि मित्रांना सांगतो, जो घेत नाही त्याला कोपऱ्यात मोबाइल, पाकिटं सांभाळायला बसवू नका, आणि त्याचं बिल त्याच्या खाण्यापुरतंच लावा. समसमान वाटणीवरून चांगल्या दोस्त्या बिघडल्यात.

खायचं काय?

जायच्या आधी जेवून जा, हे सगळ्यात महत्त्वाचं. भाकरी-पिठलं, वरण-भात काही चालेल, पोटात आधार पाहिजे. तिथं गव्हाच्या बिअरसोबत मासे, पनीर टिक्का हलक्या मसाल्याचा. आयपीएसोबत झणझणीत, कारण कडवटपणा आणि तिखट एकमेकांना वाढवतात, ज्याला ते आवडतं त्यालाच. स्टाउटसोबत चॉकलेट केक, हे एकदा तरी करून बघाच. खारे शेंगदाणे फुकट येतात म्हणून खात बसलं की तहान लागते आणि पुढचा ग्लास लवकर मागवला जातो. प्रत्येक ग्लासामागं तेवढंच साधं पाणी प्या. मे महिन्यात आपण आधीच बेचाळीस डिग्रीतून सुकून आलेलो असतो, त्यात बिअरनं लघवी वाढते, दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीत याचा पण हात असतो.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. लातूरहून नेलेली शेंगदाण्याची चटणी खोलीवरच ठेवा.

कोणी अजिबात घेऊ नये?

गरोदर बाई, लिव्हरचा त्रास असलेले, कावीळ होऊन गेल्यावर डॉक्टरनं अजून मोकळीक न दिलेले, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असलेले. जुलाबावर मेट्रोनिडाझोल चालू असेल तर तेव्हा पण नाही. शुगरवाल्यांनी डॉक्टरला विचारून. आणि ज्यानं कष्टानं सोडलीये त्याला सोबत चल म्हणून गळ घालू नका, त्याच्यासाठी दुसरी ट्रिप काढा.

परत येताना घरी आणता येते का?

काही ठिकाणी ग्रोलरमध्ये, म्हणजे झाकण असलेल्या मोठ्या बाटलीत भरून देतात. पुण्यात राहणाऱ्याला ते ठीक आहे. आपल्याला नको. ही बिअर पाश्चराइज केलेली नसते, सतत थंड ठेवावी लागते, आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीत आठ तास गरम झाली की आतलं यीस्ट परत जागं होतं, गॅस वाढतो, झाकण उडतं आणि शेजारच्याची बॅग भिजते. नाही उडालं तरी घरी पोचेपर्यंत चव गेलेली असते. एसटीत तर दारू न्यायचीच नाही. कोणाला आणायचंच असेल तर मीडची नाहीतर बाटलीबंद क्राफ्ट बिअरची सीलबंद बाटली दुकानातून पावतीसह घ्या, कपड्यांत गुंडाळून उभी ठेवा, आणि घरी गेल्यावर आधी फ्रिजमध्ये.